आजींचं 'हो बाई' आणि तीस प्रश्न

ओसरीवर आजी सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मी समोर वृद्धांमधलं नैराश्य मोजायची मराठी प्रश्नावली उघडली, आमच्या अभ्यासात तिचीच तपासणी चालू होती, आणि पहिला प्रश्न विचारला, "एकूण आयुष्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

"हो बाई."

"आयुष्य रिकामं-रिकामं वाटतं का?"

"हो बाई."

"बहुतेक वेळ मन प्रसन्न असतं?"

"हो बाई."

"काहीतरी वाईट घडेल अशी भीती वाटते?"

"हो बाई."

माझी पेन्सिल थांबली. आतून सुनेचा आवाज आला, "ताई, त्यांना ऐकू कमी येतं. मोठ्यानं विचारा." मग मी मोठ्यानं विचारलं. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या अंगणात धुणं वाळत घालणारी बाई हातातलं लुगडं तसंच धरून ऐकत उभी राहिली. आता आजींची उत्तरं पार बदलली. "भीती कसली? देवाच्या दयेनं सगळं चांगलं आहे. सून लेकीसारखं बघते." सगळे प्रश्न संपल्यावर बेरीज केली, तर तीसपैकी ४ गुण. कागदाच्या हिशेबानं आजींचं मन ठणठणीत.

त्या ४ या आकड्यावर माझा विश्वास बसला नाही. पण 'मला तसं वाटलं' एवढ्यावर भागत नाही. प्रश्नावली खरं सांगते की नाही हे तपासायची एक रीत आहे. तिला 'वैधता तपासणं' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यामागची कल्पना कुणालाही कळेल अशी आहे. हल्ली अनेकांच्या आईवडिलांच्या फाइलमध्ये असा एखादा आकडा लिहिलेला असतो, म्हणून ती कळायलाही हवी.

ही प्रश्नावली म्हणजे जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, थोडक्यात जीडीएस. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये जेरोम येसावेज, टी. एल. ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. नैराश्याच्या मोजपट्ट्या तेव्हाही होत्या. हॅमिल्टन यांची १९६० ची आणि झुंग यांची १९६५ ची चांगल्याच रुळल्या होत्या. अडचण अशी, की त्या म्हाताऱ्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या नव्हत्या. झुंग यांच्या प्रश्नावलीत बद्धकोष्ठ आहे का, वजन घटतंय का, छाती धडधडते का, उगाच थकवा येतो का, असे प्रश्न आहेत. पंचविशीतल्या माणसानं या सगळ्याला 'हो' म्हटलं तर डॉक्टर सावध होतील. पंचाहत्तरीतल्या माणसानं म्हटलं, तर त्यातलं निम्मं वयाचं असतं आणि उरलेल्यातलं काही रक्तदाबाच्या गोळ्यांचं. दुःख किती, ते त्यातून वेगळं काढता येत नाही.

म्हणून या मंडळींनी नव्यानं सुरुवात केली. वृद्धांवर उपचार करणाऱ्यांकडून शंभर प्रश्न जमवले. ते ४७ जणांना विचारले. त्यात धडधाकट वृद्ध होते, तसेच नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झालेलेही होते. एकूण बेरजेशी ज्यांचं सगळ्यात चांगलं जुळलं असे तीस प्रश्न ठेवले, बाकीचे काढून टाकले. झोप, भूक, दुखणीखुपणी यांचेही प्रश्न मूळ शंभरात होते. ते एकूण बेरजेशी नीट जुळले नाहीत म्हणून गळाले. शेवटी उरले ते मनाचे प्रश्न: कंटाळा, भीती, असहायपणा, आपण कवडीमोल झाल्याची भावना, आशा संपल्यासारखं वाटणं. उत्तर फक्त हो किंवा नाही. 'कधीकधी', 'बऱ्याचदा', 'नेहमी' अशा पायऱ्यांमध्ये वृद्ध माणूस अडखळतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आजींच्या 'हो बाई'चाही विचार त्यात केलेला आहे. तीसपैकी वीस प्रश्नांना 'हो' म्हटलं तर नैराश्याचा गुण मिळतो, दहा प्रश्नांना 'नाही' म्हटलं तर. त्यामुळे समोरच्या पोरीचं मन राखायला कुणी सरसकट 'हो' म्हणत गेलं, तर उत्तरं एकमेकांना छेद देतात आणि विचारणाऱ्याच्या ते लक्षात येतं. माझ्या आलं ते त्यामुळेच.

तीस प्रश्न निवडले म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. खरी परीक्षा इथून पुढे.

आमच्या आजोळी धान्य मोजायचं एक पितळी माप होतं. कधीतरी पडून त्याच्या बुडाला पोचा आला होता. त्या मापानं दहा वेळा ज्वारी मोजली, तर दहाही वेळा तेवढीच भरायची. पण दहाही वेळा पसाभर कमी. मापात सातत्य होतं, खरेपणा नव्हता. प्रश्नावलीच्या भाषेत सातत्याला विश्वसनीयता म्हणतात आणि खरेपणाला वैधता. पहिली असल्याशिवाय दुसरी येत नाही. पण पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप येते असंही नाही. इथेच पुष्कळ लोक फसतात. 'क्रॉनबॅक अल्फा ०.९० च्या वर आला' असं सांगून प्रश्नावली वैध ठरवणारे अहवाल मी वाचले आहेत. अल्फा सांगतो ते एवढंच, की प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत. सगळे मिळून नैराश्यच मोजताहेत, की दुसरंच काही, हे त्यावरून कळत नाही.

येसावेज यांच्या गटानं दोन्ही तपासलं. अल्फा आला ०.९४. वीस जणांना आठवड्यानं तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा दोन वेळच्या गुणांमधला सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात ते, ०.८५ निघाला; पूर्ण जुळले तर तो १ असतो. माप हलत नव्हतं.

मग खरेपणा. त्यासाठी तुलनेला काहीतरी भरवशाचं लागतं, आणि मनाच्या बाबतीत रक्ताची तपासणी नाही की क्ष-किरण नाही. तिथे भरवसा अनुभवी डॉक्टरचा, ठरलेल्या निकषांवर घेतलेल्या सविस्तर मुलाखतीचा. त्यांनी तीन गट घेतले. ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांमधून वगैरे आलेले ४० निरोगी वृद्ध, आणि नैराश्यावर उपचार घेणारे ६०. या ६० मध्ये निकषांनुसार २६ जणांचा आजार सौम्य होता, ३४ जणांचा तीव्र. जीडीएसचे सरासरी गुण आले अनुक्रमे ५.७५, १५.०५ आणि २२.८५. आजार जसा वाढत गेला तसा आकडाही चढत गेला. हॅमिल्टन आणि झुंग यांच्या मापांशीही तो चांगला जुळला. सहसंबंध ०.८० च्या वर होता.

मग रेष कुठे आखायची, म्हणजे किती गुणांपासून नैराश्य धरायचं, हा प्रश्न आला. १९८२ मध्ये याच मंडळींनी दिलेले आकडे असे: ११ वर रेष आखली तर नैराश्य असलेल्यांपैकी ८४ टक्के लोक सापडतात आणि नसलेल्यांपैकी ९५ टक्के बरोबर बाहेर राहतात. पहिल्या आकड्याला संवेदनशीलता म्हणतात, दुसऱ्याला विशिष्टता. रेष १४ वर नेली तर कुणावर उगाच शिक्का बसत नाही, पण सापडणारे ८० टक्क्यांवर येतात. चाळणीची भोकं बारीक केली की खडे वर अडकतात, पण थोडे दाणेही अडकतात. मोठी केली की उलटं. बिनचूक रेष नसते. हातून काय सुटलेलं आपल्याला चालेल, हे आधी ठरवावं लागतं.

पुढचा हिशेब जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. समजा एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हजार वृद्ध आले आणि त्यातल्या ६०० जणांना खरोखर नैराश्य आहे. रेष ११ वर. ६०० पैकी ५०४ सापडतील. उरलेल्या ४०० पैकी २० जणांवर चुकून खूण होईल. म्हणजे खूण झालेल्या ५२४ जणांमध्ये चुकीचे फक्त २०. उत्तम. आता तीच प्रश्नावली, तीच रेष घेऊन गावोगावी फिरा. हजार वृद्ध, आणि समजा त्यातल्या १०० जणांना नैराश्य आहे. सापडतील ८४. पण निरोगी ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५ जणांवर चुकीची खूण होईल. एकूण खूण झालेले १२९, त्यातले ४५ चुकीचे. साधारण तिघांतला एक.

प्रश्नावली बदलली नाही, तिची ८४ आणि ९५ ही टक्केवारी बदलली नाही. ज्या लोकांमध्ये ती वापरली ते लोक बदलले. म्हणून 'ही प्रश्नावली वैध आहे' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुणासाठी वैध, कुठे, कोणत्या कामासाठी, हे त्याला जोडलंच पाहिजे. शिवाय पहिल्या परीक्षेत एका बाजूला अगदी निरोगी आणि दुसऱ्या बाजूला उपचार घेणारे रुग्ण होते. काळं आणि पांढरं ओळखणं सोपं. गावात भेटतात ती मधल्या रंगाची माणसं. मुलगा पुण्याला गेल्यापासून गप्प झालेले, गुडघ्यांनी जेरीस आलेले, जोडीदार जाऊन सहा महिने झालेले.

१९८६ मध्ये शेख आणि येसावेज यांनी यातलेच पंधरा प्रश्न निवडून छोटी आवृत्ती केली, कारण आजारी माणूस तीस प्रश्नांनी थकतो. आज दवाखान्यांत बहुधा हीच दिसते. तेव्हा फाइलमध्ये '७' असं लिहिलेलं असेल, तर आधी विचारा, पंधरापैकी की तीसपैकी? दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा होतो.

आता भाषेकडे येते, कारण मराठीत काम करताना माझी सगळ्यात जास्त झोप याच गोष्टीनं उडवली. इंग्रजी प्रश्नावलीचा अनुवाद म्हणजे नवी प्रश्नावली. तिची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, बसून एकमत करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, मूळ आणि परतून आलेलं शेजारी ठेवून बघायचं. पण एवढं करूनही पोचा राहू शकतो.

'कंटाळा' हा शब्द घ्या. मूळ प्रश्न आहे, तुम्हाला वारंवार कंटाळा येतो का. परत इंग्रजीत गेला तरी बरोबर जातो. पण मराठीत कंटाळा म्हणजे वेळ न जाणंही, आणि काम करायचं जिवावर येणंही. "भाकऱ्या थापायचा कंटाळा येतो गं आता" असं म्हणणारी बाई उदास असेल असं नाही. ती सत्तर वर्षं भाकऱ्या थापत आली आहे. त्याउलट ज्याला खरंच काही गोड लागेनासं झालंय, तो 'कंटाळा' म्हणतच नाही. तो म्हणतो, "करमत नाही." 'खिन्न' हा शब्द कुणाच्या तोंडात नाही. 'उदास' कळतो, पण वापरात कमी. 'करमत नाही', 'जीव लागत नाही', 'मन उडालंय', हे आमच्याकडे रोज ऐकू येतं. एकमेकांशी बोलताना लोक जे शब्द वापरतात, ते प्रश्नात आले नाहीत तर उत्तरही मनातलं येत नाही.

दुसरा खड्डा नकाराचा. "तुम्हाला कंटाळा येत नाही ना?" असं कुणी विचारलं, तर मराठी माणूस "हो" म्हणाला तरी अर्थ 'येत नाही', आणि "नाही" म्हणाला तरी अर्थ 'येत नाही'. कागदावर मात्र दोन वेगळ्या खुणा होतात. प्रश्न घाईघाईत, समजूत घातल्यासारखे विचारले की तोंडून हेच रूप निघतं. म्हणून विचारणाऱ्यांना शिकवणं हासुद्धा वैधतेचाच भाग मानला पाहिजे.

काही प्रश्न शब्दांत बरोबर असतात आणि आयुष्यात चुकीचे ठरतात. तीसपैकी एक आहे, लोकांमध्ये मिसळणं तुम्ही टाळता का. एका विधवा मावशींनी 'हो' म्हटलं. का टाळता, विचारल्यावर म्हणाल्या, "हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार?" त्या टाळत नव्हत्या. त्यांना टाळलं जात होतं. नैराश्याचा गुण त्यांना मिळाला, पण तो आमच्या रूढीचा होता. दुसरा प्रश्न, निर्णय घेणं तुम्हाला सोपं जातं का. एक आजोबा हसले, "निर्णय पोरं घेतात. मी सही करतो." बहुतेक लोक तुमच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असं वाटतं का, या प्रश्नाला कोरडवाहू दोन एकरांवर जगलेला माणूस 'हो' म्हणतो, तेव्हा तो नुसती वस्तुस्थिती सांगत असतो. एकाच मनःस्थितीतल्या दोन गटांना एखादा प्रश्न वेगवेगळे गुण देत असेल, तर तो प्रश्न एकतर्फी झुकलेला आहे. आकडेवारीनं हा झुकाव पकडता येतो. पण त्याचं कारण ओसरीवर बसूनच कळतं.

समाधानाचा प्रश्न तर याच्या बरोबर उलटा चुकतो. देवानं जे दिलं त्यात समाधान मानायचं, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांना "मी समाधानी नाही" म्हणणं कृतघ्नपणाचं वाटतं. ते 'समाधानी आहे'च म्हणणार, आतून कितीही पोखरलेले असोत. आणि "आता देवानं न्यावं" हे वाक्य? कुणाच्या तोंडी ते नुसतं वळण असतं, जेवण झाल्यावर ढेकर यावी तसं. कुणाच्या तोंडी ती खरीच मागणी असते. जीडीएसमध्ये जीव देण्याच्या विचारांबद्दल थेट प्रश्न नाही. म्हणून गुण कमी आले तरी हे वाक्य कानावर पडलं, तर मी कागद बाजूला ठेवून सरळ विचारते. विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं हा समज खोटा आहे. घरात कुणी असं बोलत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी, विनामूल्य क्रमांक हाताशी ठेवा.

शरीराचे प्रश्न वगळण्यातही आपल्याकडे एक धोका आहे असं मला वाटतं. आपली पुष्कळ माणसं दुःख शरीरातूनच सांगतात. अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, डोक्यात मुंग्या येतात. कॅलिफोर्नियात जे वगळणं शहाणपणाचं ठरलं, ते इथेही तसंच ठरेल का, हे इथेच तपासायला हवं.

असं तपासायचा एक प्रयत्न हरियाणातल्या बल्लभगढ भागात झाला. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी जीडीएसची हिंदी आवृत्ती करून ती खेड्यातल्या वृद्धांमध्ये वापरली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. तिथे नैराश्याच्या लक्षणांचा संबंध स्मरण-आकलनातल्या उणिवेशी आणि रोजची कामं न जमण्याशी दिसला. वाचताना लगेच पटतं, पण जरा थांबा. इतरांपेक्षा तुमचा विसराळूपणा जास्त आहे का, मन एकाग्र करायला त्रास होतो का, डोकं पूर्वीसारखं चालतं का, हे प्रश्न जीडीएसमध्येच आहेत. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला हे गुण उदास नसतानाही मिळू शकतात. आणि स्मृतिभ्रंश पुढे गेला, की मागचा आठवडाच आठवत नाही. मग हो-नाहीला काही अर्थ उरत नाही. अशांसाठी १९८८ मध्ये आलेलं कॉर्नेल स्केल आहे. त्यात सांभाळणाऱ्या माणसालाही विचारतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणाला वाटेल. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या लासी या वृद्धांच्या पाहणीत साठीच्या पुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये प्रश्नांच्या आधारे नैराश्याची शक्यता दिसली. डॉक्टरांनी आपल्याला तसं निदान सांगितलं आहे, असं म्हणणारे होते ०.८ टक्के. तिथली प्रश्नावली जीडीएस नव्हती, वेगळी होती. पण दहाजणांतल्या नऊजणांपर्यंत कुणी पोचलंच नाही, असं हे अंतर म्हणतं. पोचायचं तर माप लागणार. आणि मापालाच पोचा असेल, तर ज्याला गरज आहे तोच सुटेल.

त्या आजींकडे मी दहा दिवसांनी पुन्हा गेले. सून खुरपणीला गेली होती. शेजारच्या घराला कडी होती. मी आजींच्या उजव्या अंगाला अगदी खेटून बसले, त्या कानानं त्यांना बरं ऐकू येतं. हळू आवाजात, थांबत थांबत विचारलं. पहिल्या दोन-तीन प्रश्नांना पुन्हा तेच "चांगलं आहे बाई" आलं. मग मी शब्द बदलून विचारलं, "आजी, करमतं का?"

सूप खाली ठेवलं त्यांनी. "मालक गेल्यापासून कोंबडा आरवायच्या आधी जाग येते," त्या म्हणाल्या. "मग उजाडायची वाट बघते. आणि उजाडलं की अंधाराची."

पुढचे प्रश्न लागले तसे विचारले. या वेळी गुण आले १७. चार दिवसांनी मानसोपचाराचे डॉक्टर येऊन तासभर त्यांच्याशी बोलले. माझे दोन्ही आकडे त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते, कारण आकडा माहीत असला की मुलाखत त्याच्याकडे कलते. त्यांचं निदान नैराश्याचं निघालं. औषध सुरू झालं.

आमच्या नियमांनुसार अभ्यासात पहिल्या भेटीचाच आकडा धरायचा होता. म्हणजे आमच्या तक्त्यात त्या 'प्रश्नावलीनं सोडलेल्या' माणसांमध्ये मोजल्या गेल्या, आणि ते योग्यच होतं, कारण खरोखर तसंच घडलं होतं. पण त्या पहिल्या कागदाच्या समासात मी पेन्सिलनं लिहून ठेवलं: मोठ्याने विचारले, शेजारी ऐकत होत्या. पुढच्या गावाला निघालो, तेव्हा प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर दोन नवे रकाने छापून घेतले होते. ऐकू किती येतं, आणि विचारताना जवळ कोण होतं.